अंगावर खूण नाही

धर्मादाय दवाखाना, शिरोबंदर
ता. ३ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप सौ. सत्यवती वहिनीस,
महादूचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र बाबलीदादाला एकट्याला वाचून दाखवावे. बाबा ओसरीवर असतील तर आत्ताच घडी घालून ठेवावे आणि ते किनाऱ्यावर गेले की काढावे. त्यांची नजर गेली असली तरी कान शाबूत आहेत.

येथे पोंक्षे नावाचे नवे मोठे डॉक्टर आले आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हां आजाऱ्यांच्या गाडीवरच्या माणसांना ओळीत उभे करून हात पुढे करायला लावले. नियम असा निघाला, की आजाऱ्याला उचलणाऱ्याचे हात कोपरापर्यंत उघडे आणि धुतलेले पाहिजेत, आणि त्यांवर गोंदण दिसता कामा नये. पुरुषांच्या कानात बाळी नको, बायकांच्या नाकात काही नको. याला कारण घडले. कार्तिकात एका भटजींना साप चावला म्हणून आम्ही गाडी घेऊन गेलो. मी त्यांना उचलायला वाकलो, तर माझ्या हातावरचा मासा पाहून ते चटईवरून मागे सरकले. ‘गाबताचा हात लावू नको’ म्हणाले. त्यांची समजूत घालण्यात वेळ गेला आणि ते वाटेतच वारले. डॉक्टर म्हणाले, ‘आजाऱ्याला हात दिसावा, हाताची जात दिसू नये.’ मला हे बोलणे फार पटले.

ड्रायव्हर शंकरने कानातली बाळी काढून खिशात टाकली. त्याचे तेवढ्यावर भागले. सुईण सुभद्राबाईच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे गोंदण आहे, ते ती कोठे काढून ठेवणार? वीस वर्षे ती अडलेल्या बायकांकडे धावत होती. तिला गाडीवरून काढून धुण्याच्या दगडावर पाठवले. नियमात न बसणाऱ्यांची यादी करायचे काम माझ्याकडे होते, कारण माझे अक्षर चांगले आहे. तिचे नाव मीच लिहिले. ती मला म्हणाली, ‘माझा नाव इसारलं असतंस तर तुझी लेखणी मोडली असती काय रे?’ पण यादी म्हणजे यादी. पहिले नाव मी माझेच लिहिले होते.

माझा मासा आणि त्याखालचे तीन ठिपके डॉक्टरांनी तिजाबाने जाळून काढले. सहा आठवडे लागले. आता तेथे नुसती गुळगुळीत कातडी आहे. बाबांना हे सांगू नये. काकांचे मढे चेहऱ्याविना किनाऱ्याला लागले आणि दोन घरांनी त्यावर हक्क सांगितला, तेव्हापासून त्यांचा त्या खुणेवर किती जीव आहे ते आपण जाणता. जत्रेत गोंदणारणीपुढे आम्हां दोघां भावांना त्यांनीच मांडीत दाबून धरले होते. मी आता समुद्रावर जात नाही, तेव्हा मला तिची गरज नाही.

सातवी नापास माणसाला यापेक्षा चांगली नोकरी मिळणार नाही. पुढच्या वर्षी मी कायम होईन.

आपला,
महादू


तोंडवली
ता. २१ फेब्रुवारी १९५९

चि. महादू भावजींस,
सत्यवतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवले. आधी हसले. म्हणाले, ‘महादू आता मासो खावचो पण सोडतलो काय गो? डॉक्टराक इचारूक सांग.’ मग आपला हात उलटासुलटा करून बघत बसले.

भावजी, एक मागणे आहे. माझा बाप समुद्रात गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, पण होडी यायला उशीर झाला की अजून माझ्याने चूल पेटववत नाही. राधाबाई आत्या म्हणतात, ‘कोळणीचा काळीज असा पातळ असून कसा चलात?’ चालत नाही ते खरेच. तुमच्या गाडीवर डोली उचलायला माणूस लागतो असे तुम्हीच दिवाळीत बोलला होतात. ह्यांचे खांदे तुम्हाला माहीत आहेत. ह्यांचाही जीव आता पाण्यात रमत नाही, फक्त मामंजींपुढे तोंड उघडत नाहीत. तेवढे काम करून द्या. खुणेचे काय करायचे ते तुम्ही सांगाल तसे करू.

मागच्या वेळी तुम्ही माझ्या पत्रातल्या चुका वेगळ्या कागदावर काढून पाठवल्या होत्या. या वेळी दोनदा तपासले आहे. तरी राहिल्या असल्या तर मनात ठेवा.

सत्यवती


शिरोबंदर
ता. ८ मार्च १९५९

तीर्थस्वरूप सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चुका फक्त चार होत्या.

डोलीवाल्याची एक जागा जूनमध्ये रिकामी होत आहे. पण खूण असलेल्या माणसाला डॉक्टर दारातूनच परत पाठवतात, आणि बाहेरच्या माणसाची खूण ते स्वतः काढून देत नाहीत. म्हणजे आधी खूण जायला हवी. मी यावर पुष्कळ विचार केला. माझा हात जाळताना डॉक्टरांनी काचेच्या काडीवर किती थेंब घेतले, किती वेळाने पाणी ओतले, कोणते मलम लावले, हे मी सर्व त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले आहे. ड्रेसिंगच्या खोलीची किल्ली रविवारी दुपारी माझ्याकडे असते.

दादाला पुढच्या शनिवारी पाठवावे. बाबांना, जाळे बघायला गेला, असे सांगावे. पंधरा दिवसांत जखम भरेल, जूनपर्यंत डागही फिका होईल. मात्र हे मी केले, असे कोणाला कधीही कळू नये. दवाखान्याचे औषध परवानगीवाचून वापरणे हा मोठा गुन्हा आहे. आपण कोणाला बोलणार नाही अशी मला खात्री आहे.

आपला,
महादू


तोंडवली
ता. २ मे १९५९

चि. महादू भावजींस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही पंधरा दिवस म्हणाला होतात. आज दीड महिना झाला. घरी आले तेव्हा अंगात ताप होता, चार दिवस उतरला नाही. कोपरापर्यंत हात सुजला होता. दोन वेळा फडके सोडवताना कातडी फडक्याबरोबर आली. मी कडुनिंबाच्या पाण्याने धुवून दर वेळी नवे फडके बांधते. आता भरत आले आहे, पण विड्याच्या पानाएवढा लाल, चकचकीत गोळा राहिला आहे, कडेने मेण ओघळून थिजावे तसा. तीन ठिपक्यांतला एकही उरला नाही. काम तुम्ही पुरे केले आहे.

मामंजींना दोर घासला म्हणून सांगितले आहे. ते फडक्यावरून बोटे फिरवतात आणि विचारतात, ‘मासो बरो आसा मां रे?’ हे म्हणतात, ‘आसा, बाबा.’ तेव्हा ह्यांचा आवाज कसा होतो ते तुम्ही ऐकले नाही.

ह्यांनी ओरडू नये म्हणून तुम्ही तोंडात कापड दिले आणि छातीवर गुडघा ठेवला, हे मला ह्यांनी सांगितले. रागाने नाही सांगितले. हसून म्हणाले, ‘बापाशीन गोंदताना धरल्यान, भावान पुसताना.’

जागेचे नक्की करा. आता माघार नाही.

सत्यवती


शिरोबंदर
ता. १९ जून १९५९

तीर्थस्वरूप सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा घरी पोचला असेल. तो नीट सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

डॉक्टरांनी त्याला अंगातले काढायला सांगितले. खांदे पाहून खूष झाले. ‘असा माणूस मला आलो त्याच दिवशी पाहिजे होता’ म्हणाले. मग हात पाहिला आणि खिडकीजवळ नेऊन पुन्हा पाहिला.

‘हे कुणी केलं?’

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘मियाच केलंय साहेब. घराक. बिबो लावन.’

‘असला कच्चा हात मी आजाऱ्याच्या पाठीखाली घालू? उद्या हे फुटलं म्हणजे?’ असे म्हणून डॉक्टर माझ्याकडे वळले. ‘महादू, हे बिब्ब्याचं काम नाही. हे तिजाब आहे. माझ्या माणसांपैकी कुणी हा उद्योग केला असता तर त्याच दिवशी हाकलला असता, आणि वर पोलिसात दिला असता.’

मी ‘होय साहेब’ म्हणालो.

जागा कुडाळकडच्या एका माणसाला दिली. त्याचे खांदे दादाच्या निम्मेही नाहीत, पण हात स्वच्छ आहेत. यात कोणाचा दोष आहे असे मला वाटत नाही. नियम बरोबर होता, जखमेला वेळ कमी पडला. फाटकाशी दादा मला म्हणाला, ‘जावंदे रे. तू भियां नको.’ मी त्याला गाडीपर्यंत पोचवायला जाऊ शकलो नाही, कारण डॉक्टर व्हरांड्यात उभे होते.

नारळी पौर्णिमेनंतर त्याला होडीवर जावेच लागेल. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.

आपला,
महादू


तोंडवली
ता. ३० ऑक्टोबर १९५९

चि. महादू भावजींस,
आशीर्वाद.

मामंजी समोर बसले आहेत. ते सांगतात तसे लिहिते आहे.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आपली होडी गेली ती आली नाही. हे, तुमचे मित्र बाबू आणि शेजारचा धाकटा भाई, असे तिघे होते. सकाळी आभाळ मोकळे होते, दुपारी वारा फिरला. होडीची एक फळी तळाशीलच्या वाळूत मिळाली. बाबू आचऱ्याला लागला. भाई सहाव्या दिवशी देवबागेत. दोघांना आपापल्या घरी आणून अग्नी दिला. बाबूची आई त्याच्या हातावरची खूण बघून रडली, कारण दुसरे ओळखण्यासारखे काही नव्हते.

हे आले नाहीत.

मामंजी म्हणतात: ‘महादूक लिव. तुझ्या दवाखान्यात समुद्रावयली मढी येतत. एकेकाचो हात बघ म्हणा. मासो आणि तीन ठिपके. माझो झील थयसर गेलो आसलो तर मासो तुका सांगतलो. मासो दिसलो नाय, तर माझो झील जितो आसा.’

त्यांनी मला हे परत वाचून दाखवायला लावले. हात नीट बघा आणि नीट लिहा. हाताचे तुम्हाला मी वेगळे काय सांगू?

सत्यवती


शिरोबंदर
ता. ९ नोव्हेंबर १९५९

तीर्थस्वरूप बाबांस व सौ. वहिनीस,
महादूचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. वही काढून पाहिली. ता. १६ ऑक्टोबरपासून आजपर्यंत आमच्या गाडीने किनाऱ्यावरून तीन मढी आणली. पहिले एका म्हाताऱ्या बाईचे, तिला तिच्या मुलांनी नेले. दुसरे एका खलाशाचे, त्याच्या कमरेला ताईत होता, त्यावरून पटले. तिसऱ्याची नोंद जशीच्या तशी उतरवून देतो: ‘ता. २४. अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस, चेहरा ओळखण्याजोगा नाही, अंगावर खूण नाही. वारस न आल्याने पुरले.’

मासा गोंदलेला हात आमच्याकडे आलेला नाही. हे मी शपथेवर सांगतो.

तेव्हा बाबांनी आशा सोडू नये. गलबतवाले कधी कधी माणूस उचलून लांबच्या बंदरावर उतरवतात, अशी उदाहरणे आहेत. वहिनींनी कुंकू पुसू नये, बांगड्या वाढवू नयेत.

मला रजा मिळत नाही. डॉक्टर पुढच्या महिन्यात माझ्या कायमच्या नेमणुकीचा कागद वर पाठवणार आहेत.

आपला,
महादू


माहेराहून
ता. १२ फेब्रुवारी १९६०

चि. महादू भावजींस,

हे पत्र मी माझ्या माहेरी येऊन लिहिते आहे. मामंजी जवळ नाहीत. पेटीत मीच टाकणार आहे.

तुमचे पत्र शाळेच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर वाचले. मामंजींनी वाडीभर साखर वाटली. ‘मासो येवक नाय, झील जितो आसा.’ त्या दिवसापासून आत्या रोज सकाळी माझे कपाळ बघतात. कुंकू पुरेसे मोठे नसले तर आपल्या बोटाने मोठे करतात. ओहोटीला मला किनाऱ्यावर नेऊन बसवतात, बायकोने वाट बघितली की वाट सापडते म्हणून. आणि कोणाकडे ओटी भरायची असली, की त्याच आत्या म्हणतात, ‘तू घराकच रव गो. तुझा कायच धड नाय.’ भावजी, मी सवाष्ण नाही आणि विधवाही नाही. मला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही आणि रडायलाही कोणी देत नाही.

माझ्या भावाने कुडाळच्या धोंडूचे विचारले. बायको गेलेला माणूस आहे, शेती आहे, समुद्र त्याने लांबूनच पाहिला आहे. पाट लावून न्यायला तयार आहे. जातीच्या पंचांनी सांगितले, मढे नाही आणि खूणही नाही, तर बारा वर्षे थांबायचे. बारा वर्षांनी दर्भाचा पुतळा जाळतील, मग मी मोकळी. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची असेन.

आता नीट ऐका. मी तुम्हाला माशाचे विचारले, कारण मामंजी समोर होते. हे शेवटच्या दिवसापर्यंत हातावर फडके बांधून होते, म्हणून ह्यांच्या हातावर मासा नव्हता हे तुम्हाला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे. मला वाटले तुम्ही समजून घ्याल आणि आडून काहीतरी लिहाल. तुम्ही माशाचेच उत्तर दिलेत. मी तीन महिने तेच पत्र उशाशी घेऊन स्वतःला सांगते आहे, की भाजका हात आला असता तर भावजींनी कसेही करून कळवले असते.

ता. २४ च्या माणसाचा उजवा हात कसा होता? एवढेच लिहा. मी तुम्हाला बोल लावणार नाही. त्यांना पाठवा असे मीच म्हणाले होते.

सत्यवती


शिरोबंदर
ता. १ मार्च १९६०

तीर्थस्वरूप वहिनीस,

हे पत्र वाचून लगेच चुलीत घालावे. कोपऱ्यात, फडताळात, कोठेही ठेवू नये. पूर्ण जळेपर्यंत उभे राहावे.

तो दादा होता.

खडकाजवळून गाडीला बोलावणे आले. शंकरने आणि मी उचलले. तोंडाचे काहीच राहिले नव्हते. मी नियमाप्रमाणे आधी हात धरला आणि मला तो डाग लागला, बोटांना. पाण्याने बाकीची कातडी सैल पडली होती, तेवढी जागा मात्र घट्ट होती. त्या डागाची वरची कड वाकडी आहे, कारण त्या रविवारी तेथे माझी काडी निसटली होती. मला दुसरी खूण नको होती.

शंकरला काही कळले नाही. मी त्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी गुंडाळली. सुभद्राबाई आता गाडीवर नसल्यामुळे डॉक्टर स्वतः एका अडलेल्या बाईजवळ होते. त्यांनी दारातूनच विचारले, ‘काही खूण?’ जूनमध्ये त्यांनीच तो हात खिडकीजवळ नेऊन पाहिला होता. पट्टी सोडली असती तर त्यांनी ओळखला असता, मग तिजाब कोणी दिले ते विचारले असते, आणि आता दादा माझ्यासाठी खोटे बोलायला नव्हता. मी म्हणालो, ‘नाही.’ आणि लिहिले. मी पुष्कळ विचार केला आहे, वहिनी. त्या वहीत खूण म्हणजे गोंदण. गोंदण नव्हते. त्यामुळे मी खोटे लिहिले असे म्हणता येणार नाही.

पुरताना मी तेथे होतो. डोके दक्षिणेकडे करायला लावले. मनात बाबांचे नाव घेतले. याहून जास्त केले असते तर लोकांनी पाहिले असते.

आता आपल्याला कळले आहे, तेव्हा जीव शांत करावा. पण कोणाला बोलू नये. माझ्या नेमणुकीचा कागद अजून परत आलेला नाही. कुंकू लावत जावे. दादाने मला, भियां नको, म्हणून सांगितले होते. त्याचे तेवढे आपण पाळाल अशी खात्री आहे.

महादू


तोंडवली
ता. १८ एप्रिल १९६०

चि. महादू भावजींस,

पत्र जाळले. तुम्ही सांगितले होते तसे पूर्ण जळेपर्यंत उभी राहिले.

मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतले. कोणाला कळू नये म्हणून रडताना धुणे आपटत होते. आत आल्यावर आत्यांनी विचारले, ‘कपाळ कित्या पुसलंस?’ मी म्हटले, पाण्याने गेले. त्यांनी पुन्हा लावले. असा दीड महिना काढला. रोज सकाळी त्या लावतात आणि मला ते बोट कपाळातून आत जाते आहे असे वाटते. मेलेल्या माणसाला मी रोज जिवंत ठेवते आहे आणि त्याला दहनसुद्धा नाही. हे माझ्याने झाले नाही.

मी मामंजींना सांगितले. तुमच्या नोकरीच्या भीतीने आधी फक्त एवढेच, की हे गेले आणि शिरोबंदरात पुरले आहेत. ते काठी शोधायला लागले. मग सगळे सांगितले. ते म्हणाले, ‘माझ्या झिलाच्या हातावयलो मासो पुसूक कोणाची छाती आसा? तुका धोंडूकडे जावचा आसा, म्हणान माझो झील मारतंस!’ आत्यांनी माझे केस धरले. त्यांना दोष देत नाही. आंधळ्या माणसाकडे तेवढा एक मासाच आहे.

मी पत्राचे बोलले. ‘खंय आसा पत्र?’ म्हणाले. काय दाखवणार?

अक्षय्य तृतीया झाली की पंच बसणार आहेत. तुम्ही या. काही बोलू नका, नुसती बाही वर करून मामंजींच्या हातात तुमचा हात द्या. एका मुलाचा मासा पुसता येतो हे त्यांच्या बोटांना कळले, की दुसऱ्याचाही पटेल. यायला जमत नसले तर मामंजींना पत्र लिहा. मास्तर सगळ्यांसमोर वाचतील. तुमच्या अक्षरावर पंचांचा विश्वास आहे. सगळे म्हणतात, महादू एक काना चुकवत नाही.

नोकरी गेली तर माझ्या भावाकडे दोन माणसांचे काम आहे, तो तुम्हाला उपाशी ठेवणार नाही, हे मी त्याला विचारून लिहिते आहे. भावजी, मला तुमच्याकडून न्याय नको. मला फक्त ह्यांच्यासाठी रडू द्या.

सत्यवती


धर्मादाय दवाखाना, शिरोबंदर
ता. ४ मे १९६०

तीर्थस्वरूप बाबांस,
महादूचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मास्तरांनी पंचांसमोर मोठ्याने वाचावे.

सौ. वहिनींचे पत्र पोचले. ते वाचून मला फार दुःख झाले. मी एका दुःखी बाईविषयी लिहितो आहे, याची मला जाणीव आहे, म्हणून शब्द तोलून लिहितो.

पहिली गोष्ट माझी स्वतःची. माझ्या हातावर आता मासा नाही. दवाखान्याच्या नियमाप्रमाणे तो डॉक्टरांनी काढला, आणि ते डॉक्टरांच्या वहीत तारखेसह लिहिलेले आहे. हे मी आपल्यापासून इतके दिवस लपवले, त्याबद्दल आपले पाय धरून क्षमा मागतो. ज्याअर्थी मी माझे लपवत नाही, त्याअर्थी दादाचेही लपवणार नाही, हे पंचांनी ध्यानात घ्यावे. दादा दवाखान्याचा नोकर नव्हता. त्याची खूण काढण्याचे डॉक्टरांना काहीच कारण नव्हते, आणि त्यांच्याशिवाय येथे असे काम कोणाला येत नाही.

वहिनी ज्या पत्राचा उल्लेख करतात तसे पत्र मी लिहिल्याचे मला स्मरत नाही. लिहिले असेल तर ते दाखवावे. माझे अक्षर सर्वजण ओळखतात.

मासा असलेला हात येथे आलेला नाही. मी नोव्हेंबरात जे लिहिले, तेच आजही लिहितो. पंचांनी बारा वर्षांचा जो नियम सांगितला तो योग्य आहे. धोंडूकडील बोलणे थांबवावे.

नवरा समुद्रावरून न आलेल्या बायकांना असे भ्रम होतात, हे मी गाडीवर अनेकदा पाहिले आहे. त्यांना कधी न आलेली पत्रे दिसतात, मेलेली माणसे दिसतात. रागावून किंवा केस धरून हे बरे होत नाही, म्हणून आत्यांनी तसे करू नये. मी डॉक्टरांशी बोललो आहे. ते तिला तपासतील आणि जरूर पडल्यास वेड्यांच्या इस्पितळाची चिठ्ठी देतील. त्यांनी दवाखान्याची गाडी द्यायचे कबूल केले आहे. एरवी इतक्या लांब गाडी जात नाही, पण मला एक तारखेपासून कायम केले आहे आणि हे मी त्यांच्याकडे पहिलेच मागणे केले.

गाडी सोमवारी, ता. ९ रोजी सकाळी खाडीच्या अलीकडे उभी राहील. वहिनींना होडीने आणावे. दोन लुगडी बरोबर द्यावीत. नाकातले आणि कानातले घरी काढून ठेवावे, बांगड्या आणि कुंकू राहू द्यावे. ती येणार नाही म्हणाली, तर शेजारच्या आनंदीने आणि यशोदेने दोन्ही बाजूंनी दंड धरावेत. पुढचे मी पाहीन. मी स्वतः डोली घेऊन काठावर असेन. तिला सांगावे, की उचलताना लागणार नाही. माझा हात आता चांगला बसला आहे.

आपला आज्ञाधारक पुत्र,
महादू